तीस गोळ्यांचा प्रश्न

नाशिक शहराच्या शालिमार भागात विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय उभे आहे. हृदय, मूत्रपिंडे आणि कर्करोग यांवरील ज्या विशेष उपचारांसाठी एके काळी उत्तर महाराष्ट्रातील माणसाला मुंबईची वाट धरावी लागत असे, ते उपचार तेथे सरकारी खर्चाने होतात, आणि नाशिक विभागाच्या पाचही जिल्ह्यांतून रोगी तेथे येत असतात. त्र्यंबक रस्त्यावर जिल्हा रुग्णालय आहे, ज्याला अवघा जिल्हा ‘सिव्हिल’ या एकाच नावाने ओळखतो. म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. त्याची स्थापना १९९८ साली झाली आणि राज्यातील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. एवढा सरंजाम एकाच नगरात एकवटलेला असूनही, पेठ वा सुरगाणा तालुक्यातील एखाद्या पाड्यावर राहणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या आणि ‘बीपी वाढलेले आहे’ असे एकदा सांगितले गेलेल्या इसमाला पुढच्या महिन्याच्या तीस गोळ्या वेळेवर मिळतील किंवा नाही, या साध्या प्रश्नाचे उत्तर या मोठ्या इमारतींत सापडत नाही. आणि मला असे निश्चितपणे वाटते की उच्च रक्तदाबाच्या बाबतीत वैद्यकसेवा जनतेपर्यंत किती पोहोचली याची मोजदाद खाटांच्या आणि यंत्रांच्या संख्येवरून न करता दुसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्याच्या गोळ्यांवरून केली पाहिजे.

याचे कारण या विकाराच्या स्वभावातच आहे. हृदय दर मिनिटाला साधारणपणे पाच लिटर रक्त धमन्यांत ढकलते, आणि ते रक्त पुढे सरकताना धमन्यांच्या भिंतींवर जो दाब पडतो तोच रक्तदाब होय. हृदय आकुंचन पावते त्या क्षणी हा दाब सर्वाधिक असतो, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत तो सर्वांत कमी होतो. म्हणूनच त्याची नोंद वरचा आणि खालचा अशा दोन आकड्यांत केली जाते. शरीरातील अगदी बारीक धमन्या जर सदैव आवळलेल्या राहिल्या, किंवा मूत्रपिंडांनी मीठ व पाणी जरुरीपेक्षा अधिक राखून ठेवले, तर हा दाब कायमचा चढतो. शंभरांतील नव्वदांहून अधिक रुग्णांत याचे एकच असे कारण दाखवता येत नाही. वय, आनुवंशिकता, स्थूलता, मिठाचे आणि मद्याचे प्रमाण, निद्रेची हेळसांड अशा अनेक गोष्टींचा तो एकत्रित परिणाम असतो. परंतु चढलेला दाब दुखत नाही. डोके दुखणे, चक्कर येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे या लक्षणांची लोक वाट पाहत बसतात, आणि पुष्कळदा ही लक्षणे कधीच येत नाहीत. जे येते ते एकदम अर्धांगवायूच्या, हृदयविकाराच्या किंवा मूत्रपिंडे निकामी होण्याच्या रूपाने येते.

गडचिरोली जिल्ह्यातील ८६ खेड्यांत झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसून आले की तेथील मृत्यूंचे सर्वांत मोठे एकच कारण पक्षाघात हे होते. दर सात मृत्यूंपैकी एक मृत्यू त्याने घडला होता. ज्या भागाचे नाव काढताच आपल्या मनात हिवताप आणि कुपोषण उभे राहते, त्या भागातली ही स्थिती आहे. आदिवासींच्या आरोग्याचा विचार करण्यासाठी डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१८ साली आपला अहवाल दिला, तेव्हा तिनेही आदिवासी प्रौढांपैकी सुमारे चौथा हिस्सा उच्च रक्तदाबाने ग्रस्त असल्याचे नमूद केले. रक्तदाब हा शहरातल्या सुखवस्तू, बैठे काम करणाऱ्या माणसाचा विकार आहे, ही समजूत आता दप्तरात बांधून ठेवण्याच्या लायकीची झाली आहे. आणि कळवण, सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी असे आदिवासी वस्तीचे तालुके ज्या जिल्ह्यात आहेत, त्या जिल्ह्याने तरी ती केव्हाच सोडून द्यायला हवी होती. सबंध देशाचा विचार केला तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ज्या विस्तृत सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यानुसार प्रौढांपैकी ३५.५ टक्के, म्हणजे सुमारे ३१ कोटी ५० लक्ष लोकांना हा विकार आहे.

दाब मोजण्याची कल्पना फार जुनी नाही. इंग्लंडातील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने एका घोडीच्या धमनीत नळी घालून रक्त किती उंच चढते ते पाहिले, आणि १७३३ साली ते प्रसिद्ध केले. परंतु माणसाच्या बाबतीत असा प्रयोग करता येण्याजोगा नव्हता. १८९६ साली इटलीतील रिव्हा-रोची याने दंडाभोवती गुंडाळण्याचा हवेचा पट्टा आणि पाऱ्याचा स्तंभ यांची सांगड घातली, आणि १९०५ साली कोरोत्कोव्ह या रशियन शल्यविशारदाने पट्टा सैल होत असताना धमनीवर नळी ठेवून ऐकू येणारे ध्वनी वर्णन केले. आजही आपण दाब पाऱ्याच्या मिलिमीटरांतच सांगतो, जरी पारा विषारी असल्यामुळे ती उभी काचेची यंत्रे आंतरराष्ट्रीय करारान्वये हळूहळू दवाखान्यांतून नाहीशी होत असली. आपल्याकडील सरकारी उपचारपद्धतीत वरचा आकडा १४० किंवा खालचा आकडा ९० यांपेक्षा खाली नसेल, आणि तसे वेगवेगळ्या दिवशी पुन्हा दिसून आले, तर उच्च रक्तदाब असे निदान होते. ही मर्यादा निसर्गाने आखून दिलेली नाही. लक्षावधी माणसांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २००२ साली प्रसिद्ध झाले, त्यात चाळीस ते सत्तर वर्षांच्या माणसांत ११५ पासून पुढे वरच्या आकड्यात दर २० ची भर पडली की पक्षाघाताने व हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचा धोका दुप्पट होतो असे आढळले. म्हणजे १४० ही धोक्याची सुरुवात नसून, औषध देणे निःसंशय हितावह ठरते अशी ती पायरी आहे.

येथे एका मुंबईकर डॉक्टराचे ऋण सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाढलेल्या रक्तदाबावर देण्याजोगे खात्रीचे औषधच नव्हते, आणि पुष्कळ नामांकित डॉक्टरांचा असाही समज होता की वृद्धापकाळी आखडलेल्या धमन्यांतून रक्त पोहोचण्यासाठी वाढलेला दाब शरीराला आवश्यकच असतो, तेव्हा त्याला हात लावू नये. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यासारख्या, जगातील उत्तमोत्तम डॉक्टर ज्याच्या दाराशी उभे होते अशा पुरुषाचाही रक्तदाब वर्षानुवर्षे चढतच गेला आणि एप्रिल १९४५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. आपल्याकडे मात्र सर्पगंधेची मुळी सर्पदंशावर, अनिद्रेवर आणि उन्मादावर पूर्वापार दिली जात होती. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाबावरही गुणकारी असल्याचे लिहिले, आणि त्याच सुमारास सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी तिच्यातील क्षारद्रव्ये वेगळी काढली. तथापि पाश्चात्त्य वैद्यकाने तिच्याकडे गांभीर्याने पाहिले ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. त्यांनी आपल्या पन्नास रुग्णांवरील अनुभव पद्धतशीरपणे नोंदवून १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तीन वर्षांनी, १९५२ साली, स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य शुद्ध रूपात मिळवले आणि उच्च रक्तदाबावरील आधुनिक औषधांचे युग सुरू झाले. १९५७ साली डॉ. वकीलांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले.

या कथेतील मला विशेष मोलाचा वाटणारा भाग मुळीचा नसून नोंदीचा आहे. सर्पगंधा पिढ्यान्‌पिढ्या वैद्यांच्या बटव्यात होतीच. वकीलांनी केले ते एवढेच की औषध देण्यापूर्वीचा दाब, नंतरचा दाब, दुष्परिणाम आणि अपयश हे सर्व एका ठिकाणी, तारीखवार मांडले. रेसर्पिनने नाक चोंदते, झोप येते, आणि मोठ्या मात्रेत मन खिन्न होते, हे अशाच नोंदींतून पुढे कळले आणि त्याची जागा हळूहळू अधिक निर्धोक औषधांनी घेतली. म्हणून कोणी आज सर्पगंधेचे चूर्ण बाजारातून आणून स्वतःच्या जबाबदारीवर घेत असेल, तर डॉ. वकीलांच्या नावाचा आधार त्याला घेता येणार नाही. त्या चूर्णात द्रव्याचे प्रमाण किती हे कोणासच ठाऊक नसते. औषधाने दाब खाली आणल्यास माणसे खरोखर वाचतात, याचा निर्विवाद पुरावा अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून १९६७ आणि १९७० साली मिळाला. त्यानंतरच्या अनेक चाचण्यांचा २०१६ साली जो एकत्रित हिशेब झाला, त्यानुसार वरचा आकडा १० ने उतरवला असता पक्षाघाताचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी आणि एकंदर मृत्यूचा धोका सुमारे १३ टक्क्यांनी घटतो.

आता दाब मोजण्याच्या रीतीकडे वळू, कारण अर्धी चूक येथेच होते. ज्याचा दाब मोजायचा त्याने आधीचा अर्धा तास चहा, तंबाखू आणि मिश्री यांपासून दूर राहावे, लघवी करून यावे, पाठीला आधार देऊन आणि पाय जमिनीवर टेकवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत ठेवावा, पट्टा उघड्या दंडावर बांधावा, आणि मोजणी चालू असताना बोलू नये. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्यावी. हे नियम वाचताना क्षुल्लक वाटतात; पण लोंबकळता हात, भरलेले मूत्राशय, जाड दंडावर बांधलेला आखूड पट्टा आणि मोजताना चाललेली विचारपूस यांपैकी प्रत्येक गोष्ट आकडा वर ढकलते. आठवडी बाजाराच्या दिवशी चार कोस चालून आलेल्या बाईला रांगेत उभे करून, तिची पाळी येताच पोलक्याच्या बाहीवरून पट्टा बांधून जो आकडा लिहिला जातो, तो तिच्या चालण्याचा आणि धास्तीचा असतो. याच्या उलट काही माणसांचा दाब दवाखान्यात बरोबर आणि एरवी शेतात, कारखान्यात, घरी चढलेला असतो. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी दंडावर बांधण्याचे डिजिटल यंत्र घरी ठेवून सकाळ-संध्याकाळ आठवडाभर नोंद करावी. घरच्या मोजणीत १३५/८५ ही मर्यादा धरतात. मनगटावरची यंत्रे शक्यतो टाळावीत.

उपचाराच्या बाबतीत लोकांची कल्पना अशी असते की मोठ्या डॉक्टरांकडे मोठे औषध असते. वस्तुतः उच्च रक्तदाबाच्या बहुसंख्य रुग्णांना लागणारी औषधे तीनच प्रकारची आहेत, ती फार जुनी आहेत आणि त्यांवर कोणाची मक्तेदारी उरलेली नाही. सरकारी पद्धतीत राज्याराज्यांत थोडाफार फरक आहे, पण सामान्यतः अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमने आरंभ करतात. महिन्याभरात दाब आटोक्यात आला नाही तर टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमची जोड देतात, त्यानेही न भागल्यास मात्रा वाढवतात, आणि मग क्लोरथॅलिडोनसारखे मूत्रल औषध थोड्या मात्रेत घालतात. एकाच औषधाची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा दोन औषधे अर्ध्या मात्रेत देणे पुष्कळदा अधिक गुणकारी आणि कमी त्रासाचे ठरते. अॅम्लोडिपिनने कधी कधी घोट्यांशी सूज येते. ती मूत्रपिंडाची समजून घाबरू नये, पण डॉक्टरांना सांगावी. टेल्मिसार्टन आणि त्या वर्गातील औषधे गर्भवतीला चालत नाहीत, तेव्हा मूल होण्याची इच्छा असलेल्या स्त्रीने ती गोष्ट पहिल्याच भेटीत बोलून दाखवावी. गर्भारपणातील वाढता दाब हा स्वतंत्र आणि तातडीचा विषय आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची डॉक्टरांकडून तपासणी होते, ती चुकवू नये एवढेच येथे सांगतो.

सर्वांत मोठा घात होतो तो बरे वाटल्यामुळे. रुग्ण दोन महिने गोळ्या घेतो, आकडा १२८ वर येतो, आणि तो मोठ्या समाधानाने गोळी सोडतो. पावसाळ्यात गंगापूर धरणाचे दरवाजे उघडून पाण्याची पातळी राखली जाते, म्हणून काश्यपीचे आणि गोदावरीचे पाणी यायचे थांबलेले नसते. दरवाजे बंद केले तर पातळी पुन्हा चढणारच. गोळीचेही तसेच आहे. १२८ हा आकडा गोळीमुळे आलेला असतो आणि गोळी सुटली की काही दिवसांत किंवा आठवड्यांत तो पूर्ववत होतो, तोही काही न दुखता. वजन उतरले, मीठ घटले, व्यायाम जडला, तर डॉक्टर स्वतःच मात्रा कमी करतात. तो निर्णय मात्र नोंदी पाहून व्हावा, कंटाळ्यावरून होऊ नये.

मिठाविषयी आपण आपलीच फसवणूक करतो. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका लहान सपाट चमच्याहून थोडके मीठ पुरेसे ठरवले आहे, आणि भारतीय माणूस साधारणपणे याच्या दीडपट ते दुप्पट खातो. आपले बहुतेक मीठ पानात वाढून घेतलेले नसून स्वयंपाकातच पडलेले असते: आमटीत, भाकरीच्या पिठात, लोणच्यात, पापडात, कुरडयांत, खारवलेल्या सुक्या मासळीत. नाशिकच्या ज्या चिवड्याची आणि मिसळीची कीर्ती दूरवर गेली आहे, त्यांचाही यात हिस्सा आहे. मी ते वर्ज्य करा असे म्हणणार नाही. पण ज्या दिवशी सकाळी मिसळ झाली त्या दिवशी रात्रीच्या जेवणात पापड-लोणचे नसावे, एवढा हिशेब प्रत्येक घराला सहज ठेवता येईल. पोटॅशियमयुक्त पर्यायी मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटल्याचे चीनच्या ग्रामीण भागातील मोठ्या चाचणीत २०२१ साली दिसले. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि टेल्मिसार्टनसारखी औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये. मिठाइतकीच दुर्लक्षित गोष्ट वेदनाशामक गोळ्यांची. दिवसभर वाकून कांदा लावणारी, द्राक्षबागेत हात वर करून काम करणारी माणसे कंबरदुखीसाठी रोज डायक्लोफिनॅकसारखी गोळी घेतात किंवा ‘एक सुई’ टोचून घेतात. या औषधांनी दाब वाढतो, रक्तदाबाच्या गोळ्यांचा गुण कमी होतो आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचते. ज्याचा दाब उतरतच नाही त्याच्या पिशवीत प्रथम ही गोळी शोधावी.

हे सर्व ज्ञान पुस्तकी राहू नये यासाठी ते माणसाच्या दाराशी नेणारी व्यवस्था कशी आहे ते पाहू. सरकारी मापदंडानुसार मैदानी भागात ५,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, तसेच अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. त्यांवर ग्रामीण रुग्णालये, उपजिल्हा रुग्णालये, सिव्हिल आणि शेवटी शालिमारचे संदर्भ रुग्णालय अशी उतरंड आहे. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत, ज्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, होऊ लागले आणि तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. गावोगावच्या आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाची माहिती भरून घेतात आणि दाब व साखर तपासण्यासाठी त्यांना केंद्रावर पाठवतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व संस्थांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले, केसपेपरचे पैसेही माफ झाले. नाशिक महानगरपालिकेची रुग्णालये, नाशिकरोडचे बिटको आणि कथड्याचे झाकिर हुसेन, ही वेगळ्या कारभाराखाली चालतात, हे शहरवासीयांनी ध्यानात ठेवावे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील ज्या कामगारांचे मासिक वेतन २१,००० रुपयांच्या आत आहे, त्यांना कामगार राज्य विम्याचा हक्क आहे आणि सातपूरला त्याचे रुग्णालय आहे. परंतु ठेकेदारामार्फत आलेल्या मजुराने आपले नाव खरोखर विम्यात नोंदले आहे की नाही याची चौकशी स्वतः करून घ्यावी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली, २०१७ साली हे नाव मिळालेली ही योजना लाखो कुटुंबांना कर्जबाजारी होण्यापासून वाचवणारी आहे, यात शंका नाही. परंतु ती मुख्यत्वे रुग्णालयात दाखल झालेल्याची योजना आहे. हृदयाची शस्त्रक्रिया तिच्यात बसते, रक्तशुद्धीकरण बसते. ती शस्त्रक्रिया आणि ते रक्तशुद्धीकरण टाळू शकणारी रोजची गोळी तिच्यात बसत नाही. ती गोळी मिळण्याचे ठिकाण उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र हेच आहे, आणि तेथे ती त्या दिवशी शिल्लक नसेल तर रुग्णाला तालुक्याच्या गावी जाऊन विकत घ्यावी लागते. जनऔषधी केंद्रांत ती अल्प किमतीत मिळते हे खरे. पण पाड्यावरून तालुक्याला जाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी धरली तर स्वस्त गोळीही महाग पडते. अशा वेळी ‘रुग्णच बेफिकीर आहेत’ असा शेरा मारणे सोपे असते. मला तो शेरा अन्यायाचा वाटतो.

शेरा मारण्याऐवजी कारभार सुधारला तर काय घडते, याचा दाखला याच राज्यात आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकार, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि एक आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून पाच राज्यांत भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम हाती घेतला. महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे आरंभीच त्यात होते. त्याची कलमे आश्चर्य वाटावे इतकी साधी होती. सर्व डॉक्टरांनी एकाच ठरावीक क्रमाने, मोजकी औषधे द्यावीत, म्हणजे कोणती गोळी किती लागेल याचा अंदाज आधीच बांधता येतो आणि साठा संपत नाही. दाब मोजणे, गोळ्या देणे, न आलेल्याला निरोप धाडणे ही कामे परिचारिका व आरोग्य कर्मचाऱ्यांनी करावीत. एका वेळी निदान तीस दिवसांच्या गोळ्या द्याव्यात आणि त्या घराजवळच्या उपकेंद्रातच मिळाव्यात. प्रत्येक रुग्णाची नोंद अशी ठेवावी की या महिन्यात कोण आला नाही हे महिनाअखेर आपोआप दिसेल. २०२२ पर्यंत हा उपक्रम २३ राज्यांतील १३० हून अधिक जिल्ह्यांत पसरला, ३४ लक्षांहून अधिक लोक त्यात उपचार घेऊ लागले, आणि उपचाराखालील रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचा दाब आटोक्यात आला. सप्टेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर त्याचा गौरव झाला. यात नवे यंत्र नव्हते, नवे औषध नव्हते; डॉ. वकीलांनी पन्नास रुग्णांसाठी ठेवलेली शिस्त लक्षावधींसाठी राबवण्यात आली होती.

नाशिक जिल्ह्यापुढे या शिस्तीतही न मावणारी एक अडचण आहे, ती स्थलांतराची. सुरगाणा, पेठ, हरसूल या भागांत भात आणि नागली निघाली की, आणि कित्येकदा त्याही आधी, घरेच्या घरे खाली उतरतात. कोणी निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत राहायला जातात, कोणी गुजरातची वाट धरतात. ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि एप्रिलची खरड छाटणी या दोन्ही वेळी बागाईतदारांना मजूर हवे असतात, आणि मजूर मुक्कामाला असतात ते बागेतल्याच झोपडीत. त्यांचे नाव सुरगाण्याच्या उपकेंद्रात, त्यांच्या गोळ्या सुरगाण्याच्या कपाटात आणि ती माणसे ऐंशी-नव्वद किलोमीटरांवर दुसऱ्याच तालुक्यात, जेथील आशाताईच्या यादीत ती नाहीत. महिनाअखेर सुरगाण्याच्या नोंदवहीत ‘गैरहजर’ असा शेरा पडतो, आणि तो दिसायला बेफिकिरीसारखा दिसतो. असाच पण अल्पकाळचा खंड आषाढीसाठी त्र्यंबकेश्वराहून निघणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर चालणाऱ्या वारकऱ्यांत पडतो. पंढरपूरला जाऊन परतेपर्यंत महिना उलटतो, आणि वारीत बहुतेक जण पन्नाशी-साठीचे असतात.

हा खंड जिवावर कसा बेततो ते एका हिशेबावरून कळेल. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकून लकवा मारला, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते देण्यापूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला नाही याची सीटी स्कॅनने खात्री करावी लागते. तोंड वाकडे होणे, एक हात गळून पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसताच १०८ ला फोन करावा, लक्षणे दिसल्याची वेळ लक्षात ठेवावी आणि ‘सकाळपर्यंत पाहू’ असे म्हणू नये. परंतु पाड्यावर मोबाइलला रेंज मिळेपर्यंत, गाडी येईपर्यंत आणि सावळ घाट चढून नाशिक गाठेपर्यंत ते साडेचार तास कसे सरतात हे त्या रस्त्याने गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या रात्रीच्या धावपळीवर जेवढा खर्च होतो, त्याच्या एका लहानशा अंशात त्या माणसाच्या कैक वर्षांच्या गोळ्या झाल्या असत्या.

तेव्हा जिल्ह्याच्या आरोग्य प्रशासनाने स्थलांतर करणाऱ्यांसाठी एक वेगळी तजवीज करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ज्यांचा दाब आटोक्यात आहे त्यांना गाव सोडण्यापूर्वी एका महिन्याऐवजी तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात. दिंडोरी आणि निफाडच्या केंद्रांनी पेठ-सुरगाण्याचे कार्ड पाहून, पुन्हा नव्याने तपासण्यांचा फेरा न घालता, तीच औषधे पुढे चालू ठेवावीत. आता प्रत्येकाला ‘आभा’ हा डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक मिळू लागला असल्याने एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणी उघडून पाहणे अशक्य राहिलेले नाही. बागाईतदारांच्या संघटनांनी छाटणीच्या हंगामात बागेवर येणाऱ्या आरोग्यसेविकेला अर्धा तास कामगार मोकळे करून द्यावेत. आणि मजूर बंधुभगिनींनी स्वतः एवढे करावे की निघताना जुना केसपेपर आणि गोळ्यांचे रिकामे पाकीट सोबत घ्यावे, कारण कागद वाचता न आला तरी पाकिटावरचे नाव पाहून कोणतीही सिस्टर तीच गोळी देऊ शकते. गोडी छाटणीची कामे ऑक्टोबरात सुरू होतात. म्हणजे सुरगाण्याच्या आणि पेठेच्या उपकेंद्रांनी तीन महिन्यांच्या पाकिटांची मागणी ऑगस्टमध्येच नोंदवली पाहिजे आणि सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत ती पाड्यापाड्यांवर वाटून झाली पाहिजेत.